कोपराच्या वर तुटलेला हात: सत्तर टक्के की शंभर?

मी गेली अनेक वर्षं असंघटित कामगारांच्या भरपाईच्या कामात मदत करतो. हे प्रकरण आमच्याकडे आलं तेव्हा अपघाताला तीन महिने होऊन गेले होते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. कायदा आणि आमच्या चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

दाजी तेव्हा ३४ वर्षांचे होते. जत तालुक्यात तीस गुंठे कोरडवाहू जमीन, म्हातारी आई, शाळेत जाणारी दोन मुलं. दसरा झाला की नवरा-बायको पन्हाळ्याच्या बाजूच्या एका गुऱ्हाळावर यायची आणि शिमगा झाला की परत जायची. गुऱ्हाळावर बायकोच्या माहेरची दोन पोरं होती. ती 'दाजी' म्हणायची, म्हणून सगळेच दाजी म्हणू लागले. मीही तेच म्हणतो, आणि त्यांच्या बायकोला ताई.

मजुरी आदणावर, म्हणजे कढईत उकळलेल्या रसाच्या दर खेपेवर, ठरलेली. दिवसाला चार-पाच आदणं निघाली की माणशी साधारण पाचशे रुपये पडायचे. दसऱ्याला चाळीस हजारांची उचल घेतलेली, ती मालकाच्या वहीत लिहिलेली. हजेरीपत्रक नाही, पगाराची पावती नाही, विमा नाही.

अपघात

फेब्रुवारी २०१९. दाजींचं रोजचं काम ट्रॉलीतून उसाच्या मोळ्या घाण्यापर्यंत आणून टाकायचं. त्या दिवशी घाण्यात ऊस घालणारा माणूस गावच्या जत्रेला गेला होता. मुकादमाने दाजींना तिथे उभं केलं. संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला एक वाकडा ऊस रोलरच्या तोंडाशी अडकला. तो आत ढकलताना ओली बाही सापडली आणि हात कोपरापर्यंत आत गेला.

घाण्याच्या तोंडाला जाळी नव्हती. मोटारीचं बटण चुलवाणाच्या पलीकडच्या भिंतीवर. नंतर मी ते अंतर पावलांनी मोजलं, बारा पावलं भरलं. ताईंच्या माहेरच्या पोराने धावत जाऊन मोटार बंद केली आणि स्वतःच्या मोबाइलवरून १०८ ला फोन लावला. तेव्हा मालक गावात होता. हा फोन पुढे किती कामाला येणार आहे, याची त्या पोराला कल्पनाही नव्हती.

सरकारी रुग्णालयात उजवा हात कोपराच्या वर कापावा लागला.

अडचण कुठे होती

पहिल्या काही दिवसांत तीन गोष्टी झाल्या आणि पुढची पावणेचार वर्षं आम्ही त्या तीन गोष्टींशीच झगडत होतो.

पहिली, केसपेपर. रुग्णालयात मालकाचा भाऊ सोबत होता. 'कसं झालं' या प्रश्नाला उत्तर त्यानेच दिलं: 'घरी कडबाकुट्टीत हात गेला.' कडबाकुट्टी म्हणजे जनावरांचा चारा कापायचं यंत्र. डॉक्टरांनी तेच लिहून घेतलं.

दुसरी, पोलीस जबाब. दाजी इंजेक्शनच्या गुंगीत असताना तो घेतला गेला आणि केसपेपर पुढ्यात ठेवूनच लिहिला गेला. त्यातही कडबाकुट्टी आली.

तिसरी, शंभर रुपयांचा स्टॅम्प पेपर. दवाखान्यातून सोडल्यावर मालकाने साठ हजार रुपये दिले आणि 'माणुसकीच्या नात्याने मदत मिळाली, आता कोणताही हक्क उरला नाही' अशा मजकुराखाली दाजींच्या डाव्या हाताचा अंगठा घेतला. दाजी दहावीपर्यंत शिकलेले. सही करता येत होती, पण सही करणारा हात राहिला नव्हता.

ताई आमच्याकडे आल्या त्या हा स्टॅम्प पेपर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालूनच. त्यांचा पहिला प्रश्न होता, 'यावर अंगठा दिलाय, आता काही होत नाही ना दादा?'

समोर कोणते पर्याय होते

मालकाच्या बाजूने गावातले एक प्रतिष्ठित गृहस्थ मध्यस्थी करत होते. आणखी नव्वद हजार घ्या, एकूण दीड लाख होतील, विषय संपवा. दाजींच्या आईला हे पटत होतं. घरात दीड लाख रुपये एकत्र कधी कुणी पाहिले नव्हते, आणि त्या बाईंना मी त्याबद्दल दोष देणार नाही.

दुसरा पर्याय फौजदारी. यंत्राबाबत निष्काळजीपणा आणि त्यातून गंभीर दुखापत, असा गुन्हा नोंदवता आला असता. पण त्यात मालकाची चूक सिद्ध करावी लागते, आणि जबाब तर कडबाकुट्टीचा होता.

तिसरा, दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा. रक्कम कदाचित जास्त मिळाली असती. पण १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यात एक दार उघडलं की दुसरं बंद होतं. दिवाणी दावा लावला तर या कायद्याखाली मागता येत नाही आणि इथे मागितलं तर दिवाणी दावा चालत नाही. दिवाणीत पुन्हा चूक सिद्ध करणं आलंच.

चौथा पर्याय हाच कायदा. त्याचं मोठं बळ असं की मालकाची चूक दाखवावी लागत नाही. कामामुळे आणि कामावर असताना अपघात झाला, एवढं पुरेसं. (आता हा कायदा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला आहे. दाजींचा अपघात जुन्या कायद्याच्या काळातला, म्हणून जुनाच लागला.)

याआधी एक गोष्ट तपासली. कामगाराला राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआय, लागू असेल तर या कायद्याखाली भरपाई मागता येत नाही. पण ईएसआयचा कायदा हंगामी कारखान्यांना लागू होत नाही, आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत साखरेबरोबर गुळाचाही स्पष्ट उल्लेख आहे. ते दार मुळातच बंद होतं.

आम्ही चौथा पर्याय निवडला. स्टॅम्प पेपरचं उत्तर कायद्यातच होतं. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कलम १७ प्रमाणे तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. शिवाय भरपाईचा समझोता आयुक्तांकडे, म्हणजे या कायद्याखालचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकाऱ्यांकडे, नोंदवावा लागतो. तो नोंदवला नाही तर मालकाला पूर्ण भरपाई द्यावी लागते, आणि आधी दिलेल्या रकमेपैकी निम्म्याहून जास्त वजावट मिळत नाही, आयुक्तांनी वेगळा आदेश दिला तरच. म्हणजे मालकाने ज्या साठ हजारांत विषय मिटवला असं मानलं होतं, त्यातले तीसच हजार धरले जाणार होते. हे ताईंना सांगितलं तेव्हा त्यांनी स्टॅम्प पेपर पिशवीतून काढून पुन्हा नीट घडी घालून ठेवला. फाडू का, असं विचारलं. मी म्हटलं, अजिबात नाही, हाच आपला पहिला पुरावा. मालकाने साठ हजार दिले, हे त्याच्याच सहीने त्यात आहे. ज्याचा गुऱ्हाळाशी संबंध नाही, त्याला कोण साठ हजार देतं?

काय केलं

दावा दाजी राहतात त्या जिल्ह्यात किंवा अपघात झाला त्या जिल्ह्यात, दोन्हीकडे लावता येतो. जतच्या माणसाला सांगली जवळ पडली असती. आम्ही कोल्हापूर घेतलं, कारण साक्षीदार, रुग्णालय आणि गुऱ्हाळ तिकडचं. तारखेला दाजी-ताईंनी यायचं की पाच साक्षीदारांनी, यातला हा निर्णय होता. तो बरोबर होता असं मला आजही वाटतं, पण त्याची किंमत एसटीच्या भाड्यात आणि बुडालेल्या रोजात त्या दोघांनीच मोजली.

वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळाले. दिव्यांग व्यक्तीला आणि औद्योगिक कामगाराला हा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. त्याआधी गावातल्या एका वकिलाने 'मिळेल त्याच्या तीस टक्के' अशी बोली लावली होती. वकिलाला निकालाच्या रकमेत असा हिस्सा ठरवता येत नाही. बार कौन्सिलचे नियमच त्याला मनाई करतात.

नोटीस जूनमध्ये गेली. ऑगस्ट २०१९ मध्ये महापूर आला, सगळंच थांबलं. दावा सप्टेंबरमध्ये दाखल झाला. दोन वर्षांची मुदत असल्याने त्याची चिंता नव्हती. त्यानंतर सहा महिन्यांत टाळेबंदी. दाजींची साक्ष व्हायला २०२१ उजाडलं.

मालकाचं म्हणणं तीन पायांवर उभं होतं: हा माणूस माझ्याकडे कामालाच नव्हता, असलाच तर अपघात घरी झाला, गुऱ्हाळावर झाला असलाच तर तो दारू प्यायला होता.

पहिल्याला स्टॅम्प पेपर आणि उचलीची वही पुरली. वही मालकाने आणलीच नाही. न्यायालयाने हजर करायला सांगूनही आणली नाही, हेच त्याला नडलं.

दुसऱ्याला १०८ चा फोन. माहिती अधिकारात अर्ज करून रुग्णवाहिकेची नोंद मिळवली. फोन ७ वाजून ४० मिनिटांनी आलेला, ठिकाण 'गुऱ्हाळघर'. रुग्णालयात दाखल झाल्याची वेळ ८ वाजून २५. आमच्या वकिलांनी मालकाच्या भावाला उलटतपासात एवढंच विचारलं, की दाजींचं घर कुठे आहे? जत. जतहून कोल्हापूर किती? शंभर किलोमीटरच्या वर. मग घरी हात तुटलेला माणूस पाऊण तासात कोल्हापुरात कसा आला? भाऊ म्हणाला, घर म्हणजे गुऱ्हाळाशेजारची कोपी. त्या कोपीत ना म्हैस होती, ना विजेची जोडणी. कडबाकुट्टी कुणासाठी आणि कशावर चालणार? यावर उत्तर आलं नाही.

तिसरा पाय, दारू. आणि इथे या प्रकरणातला खरा निर्णय होता.

सत्तर की शंभर

कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात कोणता अवयव किती गेला, यावर कमाईची क्षमता किती टक्के गेली हे ठरवून दिलं आहे. खांद्याच्या सांध्यातून हात गेला तर ९०. खांद्याच्या टोकापासून उरलेला खुंट २०.३२ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ८०. त्याहून लांब असेल तर ७०. हा चमत्कारिक आकडा म्हणजे जुने आठ इंच. दाजींचा खुंट २३ सेंटिमीटर भरला. म्हणजे ७० टक्के.

आता हिशेब. पूर्ण आणि कायमच्या अपंगत्वाला मासिक मजुरीच्या ६० टक्के गुणिले वयाचा गुणांक. ३४ वर्षांना तो १९९.४०. पाचशे रुपये रोजाने महिन्याला तेरा हजार होत होते, पण तेव्हा हिशेबात धरायच्या मजुरीची कमाल मर्यादा ८,००० होती. त्यामुळे मजुरी किती, हा वाद आठ हजारांपाशीच थांबला. ४,८०० गुणिले १९९.४० म्हणजे ९,५७,१२० रुपये. त्याचे ७० टक्के ६,६९,९८४. ती मर्यादा ३ जानेवारी २०२० ला १५,००० झाली. दाजींचा हात अकरा महिने नंतर गेला असता तर, वय तेच धरलं तरी, पूर्ण अपंगत्वाचा ९,५७,१२० चा आकडा तेरा हजारांच्या मजुरीवर १५,५५,३२० झाला असता. हे सांगताना मला दाजींकडे बघवत नव्हतं.

आमच्यातल्या काहींचं मत होतं की ७० टक्क्यांवर दावा करावा. परिशिष्टात छापलेला आकडा आहे, वाद कमी, निकाल लवकर. दिव्यांग प्रमाणपत्रावर ८० टक्के होते, पण परिशिष्टातल्या इजेला ते लागत नाहीत.

मी शंभरच्या बाजूने होतो, आणि त्याला दोन कारणं होती. एक, कायद्यात 'पूर्ण अपंगत्व' म्हणजे अपघाताच्या वेळी माणूस जी जी कामं करू शकत होता, त्या सगळ्यांना तो निकामी होणं. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या प्रकरणात नेमकं हेच सांगितलं. तिथे एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापला गेला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून ते पूर्ण अपंगत्व, असं न्यायालयाने ठरवलं. दाजी तर उजव्या हाताने काम करणारे. मोळी उचलणं, कोयता, कुदळ, नांगर, यातलं एकही काम एका हाताचं नाही.

दुसरं कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. दारूच्या नशेत अपघात झाला, ही मालकाची सबब मृत्यूच्या किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाच्या प्रकरणात चालतच नाही. कलम ३ मध्येच तसं लिहिलं आहे. म्हणजे ७० टक्क्यांवर आलो असतो तर दारूचा मुद्दा जिवंत राहिला असता, आणि तो सिद्ध झाला तर भरपाई शून्य. शंभर मागितले आणि मिळाले तर तो मुद्दाच गळून पडतो. दाजी प्यायले नव्हते. केसपेपरवरही दारूची कुठली नोंद नव्हती. पण मालकाच्या बाजूने दोन साक्षीदार तसं सांगायला तयार होते.

दाजींना साक्षीत विचारलं गेलं, रखवालदारी करू शकता की नाही? ते म्हणाले, 'करीन की. पण ती मला कुणी दिली नाही, आणि त्याआधी मी ती कधी केलीबी नव्हती.' मग त्यांना पाण्याने भरलेली बादली एका जागेवरून दुसरीकडे कशी नेता, हे विचारलं. ती ते नेतात. पण विहिरीतून ती भरायला ताई लागतात, असं त्यांनी सांगितलं.

निकाल

नोव्हेंबर २०२२ मध्ये आदेश झाला. अपंगत्व १०० टक्के धरलं. साठ हजारांपैकी निम्मे वजा करून ९,२७,१२०. त्यावर अपघाताच्या दिवसापासून १२ टक्के सरळ व्याज, पावणेचार वर्षांचे ४,१७,२०४. वेळेत न दिल्याबद्दल मालकाकडून खुलासा मागवून २५ टक्के दंड, २,३१,७८०. एकूण १५ लाख ७६ हजारांच्या आसपास.

अपील करायचं तर मालकाला आधी भरपाईची रक्कम भरावी लागते. त्याने अपील केलं नाही आणि पैसेही भरले नाहीत. मग वसुलीचा दाखला काढला, तो जिल्हाधिकाऱ्यांकडून तहसीलदारांकडे गेला, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली सुरू झाली. सातबाऱ्यावर बोजा चढायची वेळ आली तेव्हा मालक बोलायला आला. दंड सोडा, बाकी सगळे तीन महिन्यांत न्यायालयात भरतो.

मला ते मान्य नव्हतं. दंड हा उशिराबद्दल असतो, आणि तो उशीर या घराने सोसला होता. थोरल्या मुलीची शाळा त्याच काळात सुटली. पण ताई म्हणाल्या, 'दादा, तुमचं खरं आहे. पण धाकट्याची तरी आता सुटायला नको.' निर्णय त्यांचा होता. १३,४४,३२४ रुपये दोन हप्त्यांत भरले गेले.

पुन्हा करायचं झालं तर

केसपेपरवरची नोंद पहिल्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्यायला हवी होती. दाजी शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांना लेखी अर्ज आणि पोलिसांना पुरवणी जबाब, एवढं झालं असतं तर निम्मी लढाई वाचली असती. ताई तेव्हा आम्हाला ओळखत नव्हत्या, हे खरं. पण रुग्णालयात घरचं कुणी असेल तर 'कसं झालं' याचं उत्तर मालकाच्या माणसाला देऊ देऊ नये, आणि लिहिलेलं वाचून घ्यावं.

बाकीच्या चुका आमच्या. दाजींच्या नावावर सातबारा असल्याने गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात विमा योजनेचा अर्ज केला, एक अवयव गेल्याचे एक लाख मिळाले. पण त्यांचं बँकेचं पासबुक मी ऑगस्टपर्यंत उघडून पाहिलं नव्हतं. त्यात दर वर्षी १२ रुपये कापल्याची नोंद होती, प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेची. एक हात गेल्यास त्यातही एक लाख. दावा तीस दिवसांत कळवायचा होता, आम्ही सहाव्या महिन्यात गेलो. बँकेने अर्ज परत केला. आता माझ्याकडे कुणीही आलं की मी आधी पासबुक मागतो आणि १२ किंवा २० रुपयांची ओळ शोधतो.

कृत्रिम हाताचा खर्च आम्ही नीट मागितलाच नाही. या कायद्यात उपचाराचा प्रत्यक्ष झालेला खर्च मिळतो. सरकारी रुग्णालयातली बिलं किरकोळ होती म्हणून आम्ही तो मुद्दा वाऱ्यावर सोडला. एका शिबिरात फुकट मिळालेला हात दाजी लग्नाकार्याला लावतात, एरवी तो खुंटीवर असतो. कोपर नसलेल्या खुंटाला तो हात धरायच्या कामाचा नाही. चांगल्या हाताची बिलं आधी उभी करून मग मागणी केली असती तर निदान ऐकून तरी घेतलं गेलं असतं.

आणि घाणा. पावणेचार वर्षं आम्ही भरपाईच्या मागे राहिलो, यंत्राबद्दल एका ओळीचीही तक्रार कुठे केली नाही. तोंडाला जाळी आणि हाताशी बंद करायचं बटण, दोन्हींचा खर्च दाजींच्या एका हंगामाच्या उचलीपेक्षा कमी आहे. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला आणि तहसीलदारांना द्यायचा अर्ज दाजींनी आता स्वतः लिहायला घेतला आहे. डाव्या हाताचं अक्षर अजून तिरकं पडतं, म्हणून ते आखीव वहीवर लिहितात. परवा ताईंनी फोटो पाठवला. दुसऱ्या पानावर त्यांनी बटणापर्यंतची बारा पावलं नकाशा काढून दाखवली आहेत. दसऱ्याला घाणे सुरू व्हायच्या आत तो अर्ज जायला हवा.